नववी खेळाडू खाडीत

"कुणी खरं मानणार न्हाय, सर, पन सॉफ्टबॉलच्या नऊच्या नऊ जागा मी खेळलोय. आनि त्यातल्या तीन तर एकाच चेंडूवर!"

हरेश्वर तांडेल हे बोलले तेव्हा चार वाजायला चार मिनिटं होती. पंच दिनानाथ सर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दोन्ही संघांच्या याद्या तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आजोबा, तुम्ही कुठं कुठं खेळलात ते मी विचारलं नाही. तुमच्या संघातली नववी मुलगी कुठे आहे, ते विचारलं."

"ती काय, समोर."

पंचांनी आता मान वर केली. म्हाताऱ्याचं बोट खाडीकडे होतं. काठापासून दोनशे पावलांवर एक लहान होडी चिखलात तिरकी बसली होती. होडीत निळी जर्सी, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर बॅट अशी एक मुलगी ताठ उभी होती. तिने हात हलवला. पंचांनीही हात हलवला, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन तो हात खिशात घातला.

"मग येऊ दे की चालत!"

"चालत? सर, त्या गाळात मांडीपर्यंत पाय जातो. गेल्या शिमग्याला एक बोकड गेला होता तिकडं. शिंगं तेवढी परत आली."

बोकडाचं सोडा, पण मांडीपर्यंत पाय जातो हे खरं होतं. रेवदंड्याच्या त्या काठावरच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

होडीतली मुलगी म्हणजे प्राप्ती. राहायला पलीकडच्या काठाला. पुलावरून रिक्षाने आली असती तर अर्ध्या तासात पोचली असती. पण पाण्यावर जन्मलेल्या माणसाने पुलावरून वळसा घ्यायचा म्हणजे घरात हंडा भरलेला असताना शेजारणीकडे पाणी मागण्यासारखं. तिचा भाऊ कमलेश म्हणाला, मी सोडतो होडीने, सात मिनिटांत. भरती-ओहोटीचा हिशेब त्याने केला होता, तो असा: आज आईचा उपास, म्हणजे एकादशी. एकादशीला ओहोटी अडीचला संपते. तेव्हा अडीचला उथळ्यावरून आडवं घातलं आणि होडी टेकली जरी, तरी लगेच पाणी चढायला लागेल आणि उचलेल. हिशेब बरोबर होता. फक्त आई माळकरी, तिची एकादशी भागवत, म्हणजे एक दिवस उशिराची. आज द्वादशी होती. पोराने आईच्या पोटावरून दर्या मोजला, आणि अडीचला होडी टेकल्यावर पाणी चढायच्या ऐवजी आणखी तासभर उतरतच राहिलं.

"आजा," दिशा दबक्या आवाजात म्हणाली. दिशा त्यांची नात, संघाची कर्णधार आणि पिचर. "पंधरा मिनिटं दिलीत त्यांनी. सव्वाचारला शेरा लिहिणार म्हणतात, अपुरा संघ."

"लिवू दे का न लिवू दे, ते मी बघतो."

"तू काही बोलू नकोस. तू बोलायला लागलास की लोक उठून जातात."

"यो न्हाय उठणार. याच्या हातात घड्याळ हाय."

दिशाला हसू आलं नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. गोष्टच तशी होती. तालुक्याच्या महिला सॉफ्टबॉल स्पर्धेत वाडीचा संघ उतरायचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी नवव्या मुलीचं लग्न सामन्याच्या दिवशीच निघालं. दुसऱ्या वर्षी नवव्या मुलीची परीक्षा आली. दोन्ही वेळा आठ जणी मैदानावर ओळीत उभ्या राहिल्या आणि एकही चेंडू न टाकता घरी गेल्या. आणि स्पर्धेचा नियम असा, की लागोपाठ तीन वर्षं अपुऱ्या संघामुळे सामना सुटला तर त्या संघाचं नाव कायमचं काढायचं. ह्या पोरी सकाळी मासळी बाजारात, दुपारी सुकटीच्या खळ्यावर, आणि संध्याकाळी त्याच खळ्यावरचे बोंबील टांगायचे बांबू बाजूला सारून सराव करायच्या. आज चार पंचवीसपर्यंत नववी आली नाही, तर उद्यापासून ते बांबू बाजूला सारायचं कारण उरणार नव्हतं.

चार पंचवीस, कारण हरेश्वर तांडेलांचा हिशेब आईच्या पोटावरचा नव्हता. द्वादशीची ओहोटी साडेतीनच्या आतबाहेर सरते. होडी अडीचला बसली, म्हणजे तासाभराचं पाणी उतरलं. तेवढंच चढायला तासभर नाही तर थोडं कमी. चार वीसला होडी हलणार. तिथून काठ, काठावरून मैदान, पाच मिनिटं. पंचाची मुदत सव्वाचारपर्यंत. दहा मिनिटं कमी पडत होती. दर्याला घाई करता येत नाही. पंचाला उशीर करता येतो.

म्हाताऱ्याने पंचांना एकदा नीट न्याहाळलं. पँटची इस्त्री, डोक्यावरची पांढरी टोपी, आणि 'आहे', 'नाही', 'विचारलं नाही' असं पाठ्यपुस्तकातलं बोलणं. घाटावरचा माणूस. ह्याने दर्या पाहिला असेल तर बँकेच्या कॅलेंडरवर. अशा माणसाला काहीही सांगता येतं, फक्त ते नियमांत बसवून सांगावं लागतं.

"सर, नियमाचं एक विचारू?"

"विचारा."

"कॅचरनं तोंडाला काय बांधावं, असं लिवलंय काय कुठं? कारन आमच्या टायमाला मुखवटा नव्हता. मी माशाची पाटी बांधायचो. वेताची. फटींतनं बघायचं. येनारा चेंडू एक, दिसायचे चौदा. आता चौदांतला खरा कंचा?"

"कोणता?" पंच न राहवून म्हणाले.

"ज्याला वास येत न्हवता तो. बाकीचे पाटीतले."

मागे बसलेल्या दोघी-तिघी खिदळल्या. पंचांनी घड्याळ पाहिलं. चार वाजले होते.

"फस्ट बेसचं त्याहून कठीन," म्हातारा सोडेना. "एक पाय बेसला, एक हात चेंडूला, आनि चेंडू यायचा हातभर लांबून. ताणा, ताणा, ताणा! त्या मोसमात मी दोन इंच वाढलो. बायको मला बघून गेली होती मोसमाच्या आधी, लगीन झालं नंतर. मांडवात म्हनते, यो तो न्हवं."

"आणि राइट फिल्ड?" पंचांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज जरा बदलला होता. पंच होण्याआधी माणूस खेळाडू असतो, आणि राइट फिल्डला सगळ्यात कच्च्या गड्याला उभं करतात हे खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

हरेश्वर तांडेल इथे पहिल्यांदा अडखळले.

कारण खरं सांगायचं तर नऊपैकी तेवढी एकच जागा ते खेळले होते. तीसुद्धा अकरा मिनिटं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, बर्फ कारखान्याच्या क्लबात, तेव्हा ते तिथे लाद्या उचलायला होते. बारावा गडी म्हणून पाण्याची कळशी त्यांच्याकडे. शेवटच्या सामन्यात एकाचा पाय मुरगळला आणि क्लबाचा सेक्रेटरी म्हणाला, तू जा, राइटला उभा राहा, तिकडे काही येत नाही. आलं. उंच, पांढरं, उन्हाच्या बरोबर मधून उतरत. तो चेंडू खाली येताना किती वेळ लागला हे आजही ते सांगू शकले असते, पण कधी कुणाला सांगितलं नाही. तळव्यावर बसला, आणि मेलेल्या माशासारखा निसटला. पुढच्या वर्षी क्लब बंद पडला. ज्या माणसाला दुसरा चेंडू मिळाला नाही, त्याने मग सगळ्याच जागांवरचे सगळे चेंडू पकडून टाकले, पंचेचाळीस वर्षं, पारावर बसून.

"राइट फिल्ड," ते म्हणाले, "तिथं काय... वारा असतो."

"बारावा गडी होता तो!" मागून खणखणीत आवाज आला. नीराबाई. खळ्यावरची सगळ्यात जुनी, हरेश्वरांच्याच वयाची, सुपात सुकट पाखडत बसलेली. तिचा नवरा त्याच क्लबात शॉर्टस्टॉप होता. "कळशी घेऊन फिरायचा! काय रे, कुनाला फसवतोस त्या पावण्याला?"

पंच वळले. "म्हणजे? हे खेळलेच नाहीत?"

चार वाजून सहा मिनिटं. हरेश्वरांनी नीराबाईकडे पाहिलं. तोंडाने काही बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसती मान वळवली, खाडीकडे. नीराबाईने सूप थांबवलं आणि त्या मानेच्या मागे मागे पाहिलं. होडी. होडीत पोरगी. होडीच्या पोटाखाली काळा गाळ, आणि गाळावर आत्ताच चढायला लागलेली एक चकचकीत रेघ. जन्मभर पाण्याच्या रेघेवर स्वयंपाक केलेली बाई ती. तिला दोनदा सांगावं लागत नाही.

"खेळला न्हाय कसा?" ती म्हणाली, आणि सूप पुन्हा हलायला लागलं. "कळशी घेऊनच खेळायचा. एका हातात कळशी, एका हातात चेंडू. थेंब सांडला न्हाय कधी. आनि ते घारीचं सांग की रे सरांना! ते तर मी ह्या डोळ्यांनी बघितलंय."

कुठली घार, हे हरेश्वरांनाही माहीत नव्हतं. पण कुणी दोर फेकला तर तो कुठून आला हे बुडता माणूस विचारत नाही.

"घार!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तेच तर सांगायला आलोय! एका चेंडूवर तीन जागा, ती हीच गोष्ट. सर, तुमी नियमवाले मानूस, तुमीच निकाल द्या. पंचेचाळीस वर्षं लटकलाय निकाल."

"कसला निकाल?"

"मी पिचर. चेंडू ठेवलेला रात्रभर बोंबलाच्या पाटीत, कारन दुसरी पिशवी न्हवती. टाकला. त्यानं मारला, वर, उंच. वर एक घार फिरत होती. तिला वास आला. तिनं चेंडू उचलला आनि चालली सेंटर फिल्डवरनं."

"हवेत?"

"हवेतच. घार काय चालत जाते? मी बघितलं, सेंटर फिल्डवाला तोंड उघडून उभा. मी धावलो तिकडं, त्याची जागा घेतली. घारीनं चेंडू चाखला. बोंबील न्हाय हे कळलं. ती रागावली, वळली, आनि आली माघारी. मी पन माघारी. बॅटवाला तिसऱ्या बेसवरनं होमकडं धावतोय. आमचा कॅचर घारीला भिऊन पाटीत डोकं घालून बसलेला. मी त्याला ढकलला, त्याच्या जागी उभा राहिलो, आनि घारीनं चेंडू सोडला तो ह्या हातात." त्यांनी उजवा तळहात पुढे केला. "जमिनीला लागलेला न्हाय. सांगा. बाद का धाव?"

पंचांच्या कपाळाला आठी पडली, मग दुसरी.

"झेल आहे की नाही, हा प्रश्न आहे," ते हळूहळू म्हणाले. "चेंडू जमिनीला लागलेला नाही. पण पक्ष्याने तो धरला होता. नुसता लागला असता तर वेगळं. धरला म्हणजे..."

"पंजात. घट्ट."

"पंजात की चोचीत?"

"आधी पंजात. चाखला तो चोचीत."

पंचांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. चार वाजून बारा. त्यांनी पानं उलटली, एकदा पुढून आणि एकदा मागून. दिशा उरलेल्या सात जणींना ओळीत उभं करून बघत होती. समोरचा संघ सावलीत बसून कलिंगड खात होता. त्यांचा व्यवस्थापक जीवन उठला, हात पुसत आला.

"सर, सव्वाचार झाले."

"एक मिनिट."

"सर, मुदत संपली. आम्हाला अलिबागेला परत जायचंय."

"मुदत मी दिली, घड्याळ माझं आहे," पंच पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले. "प्राण्याचा उल्लेख आहे इथे. पक्ष्याचा... थांबा."

"अहो, पण घार कसली? म्हातारा थापा मारतोय!"

"थाप असली तरी प्रश्न खरा आहे!" पंच कडाडले.

हरेश्वर तांडेलांना त्या क्षणी हा घाटावरचा माणूस फार आवडला. पण प्रेमाने होडी हलत नाही. त्यांनी तिरक्या डोळ्याने पाहिलं. रेघ होडीच्या अर्ध्या पोटापर्यंत आली होती. कमलेश लांब बांबू गाळात रोवून रेटत होता, आणि प्राप्ती वजन पलीकडे टाकायला होडीच्या टोकावर जाऊन बसली होती. चार अठरा.

पंचांनी पुस्तक मिटलं.

"नियमात नाही. जे नियमात नाही ते पंचाच्या विवेकावर. तुमच्या पंचाने काय दिलं?"

"त्यो घारीला भिऊन पळाला."

"मग निकाल नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि चेहरा पुन्हा इस्त्रीचा झाला. "चार वीस. फार वेळ गेला. माफ करा, मुलींनो." त्यांनी यादी मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढलं.

"आजा..." दिशा म्हणाली. फक्त तेवढंच.

होडी हलली. हरेश्वरांनी ते पाहिलं नाही, पाहायची गरजही नव्हती. चिखलाने होडी सोडताना जो आवाज होतो तो त्यांनी ऐकला. आता पाच मिनिटं. फक्त पाच. डोक्यात एकही गोष्ट शिल्लक नव्हती. पिचर संपला, कॅचर संपला, फर्स्ट बेस संपला, घार उडून गेली. पण ते खुर्चीसमोर आडवे उभे राहिले, पाय रोवून, तुफानात सुकाणूला उभे राहायचे तसे. पंच लिहायला लागले तर कागदावर म्हाताऱ्याची सावली पडेल इतक्या जवळ.

"सर, लिवा. पन सेंटर फिल्डचं ऐकून लिवा. घारीचं सोडा, ती अर्धी खोटी. हे खरं हाय."

"बाजूला व्हा, आजोबा."

"माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा झेल हाय, सर. मी आता किती वर्सं सांगनार? सामना पुळनीवर होता, दर्याकाठी. सेंटर फिल्डच्या मागं काय, मोकळा दर्या!"

"पाणी होतं म्हणजे सीमा ठरलेली असेल," पंच लिहिता लिहिता म्हणाले. 'अ' लिहून झाला होता.

"सीमा कसली? पानीच न्हवतं! दर्या आत, आत, पार आत गेलेला. उघडी वाळू, अर्धा कोस. त्यानं मारलेला चेंडू चाललाय टप्प्याटप्प्यानं, आनि मी मागं. बोटी मागं पडल्या. जाळ्यांचे खुंट मागं पडले."

'अपु'. कमलेशची होडी काठाच्या दगडांजवळ आली होती. प्राप्ती थांबली नाही. तिने बॅट आधी फेकली आणि मागून गुडघाभर पाण्यात उडी टाकली.

"आनि तो दिवस इसरनार न्हाय, सर. होळीची पुनव. सकाळी पालखी, दुपारी सामना. बरोबर बाराचा ठोका, ऊन टाळूवर, आनि दर्या असा मैलभर आटलेला..."

पंचांचं पेन थांबलं.

"किती वाजता म्हणालात?"

"बारा. दुपारचे."

"आणि तिथी?"

"पुनव. सांगितलं की, होळीची," हरेश्वर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की आपल्या तोंडून काय निघालं. असली चूक वाडीत शाळेत न गेलेल्या पोरानेही केली नसती. पण असू दे, त्यांनी मनाला बजावलं, घाटावरच्याला काय कळतंय. ते हलले नाहीत. पंचांच्या पाठीमागून चिखलाने काळ्या झालेल्या दोन तंगड्या धावत येत होत्या. बॅट उचलली. सुकटीच्या पाट्या ओलांडल्या. नीराबाईने पाट्या पायाने सरकवून वाट करून दिली. जीवन ओरडला, "सर, मागं बघा! नाही, बघू नका, लिहा आधी!"

पंचांनी ना मागे पाहिलं, ना लिहिलं. ते खुर्चीतून उठले. यादी मांडीवरून घसरून वाळूत पडली. टोपी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, चेहरा लाल झाला होता, आणि दिशाच्या ओळीत चुन्याची रेघ ओलांडून नववी पोरगी धापा टाकत उभी राहिली तेव्हा तिकडे पंचांचं लक्षही नव्हतं. पाठ्यपुस्तक कुठल्या कुठे गेलं आणि आतून बापाची बोली बाहेर पडली:

"अवो तांडेल! माझा बापूस उरनला चालीस वर्सं मिठागरावर होता! पुनवेच्या बाराला मी त्याच्यासंगती बांधावर उभा र्‍हायलोय, पानी आत घ्यायला! पुनवेला दुपारी बाराला भरती आसते, भरती, वरपतूर! कंचा दर्या आटला तुमचा? कवरं खोटं बोलाल!"